गोव्याचे नागरिकत्व : एका महिन्याची मुदत



आमच्या सावंतवाडीकडे घरी कुणी अनोळखी माणूस आला, की पाण्याचा तांब्या पुढे करता करता पहिला प्रश्न ठरलेला असतो : "तुमी मूळचे खयचे?" त्याने गाव सांगितले, देव सांगितला, मामाचे घर सांगितले, की ओळख पटली. सरकारचे एवढ्याने भागत नाही. सरकार विचारते, अमुक तारखेला तुम्ही कुठे होता? तुमचा जन्म कुठला, बापाचा कुठला, आजाचा कुठला? त्याची नोंद कुठे आहे? आणि याहून अवघड असा एक प्रश्न कायद्याच्या पोटात लपलेला असतो. विचारल्यावर माणूस काहीच बोलला नाही, तर त्याचा अर्थ काय धरायचा? होय, की नाही?

गोव्यातल्या माणसांना भारताचे नागरिकत्व कसे मिळाले, याची हकिगत सांगताना मला या न बोलण्याबद्दलच मुख्यतः बोलायचे आहे. गोवामुक्तीची कथा आपण पुष्कळदा ऐकली आहे. सत्याग्रह, गोळीबार, तुरुंग, १९ डिसेंबर १९६१ ची शरणागती, हे सारे शाळेतल्या मुलांनाही ठाऊक असते. पण सैन्य आले, झेंडा चढला, एवढ्याने माणसे नागरिक होत नाहीत. त्यासाठी कुणीतरी मागे बसून एक कागद लिहावा लागतो. त्या कागदाची गोष्ट फारशी कुणी सांगत नाही.

आधी थोडे मागे जाऊ. १९५० पूर्वी भारताचा नागरिक अशी वस्तूच नव्हती. आपले वाडवडील इंग्रज बादशहाचे प्रजाजन होते. संस्थानी मुलखात राहणारे राजेसाहेबांचे प्रजाजन आणि इंग्रजांच्या आश्रयाखालचे. प्रजा आणि नागरिक यांतला फरक शिक्षकांना मी सांगायला नको. घटना तयार होऊ लागली तेव्हा पहिला पेच हाच पडला, की ही घटना ज्यांची, ते लोक कोण? फाळणी नुकतीच झालेली. माणसे इकडून तिकडे, तिकडून इकडे अजून चालतच होती. ऑगस्ट १९४९ मध्ये घटना समितीपुढे हे कलम मांडताना डॉ. आंबेडकरांनी बोलून दाखवले, की दुसरे एखादे कलम सोडले तर मसुदा समितीला इतकी डोकेदुखी कशाचीच झाली नाही. मसुदे लिहिले, फाडले, पुन्हा लिहिले. शेवटी जे ठरले ते घटनेच्या दुसऱ्या भागात आहे, कलमे ५ ते ११.

त्यांतले सहावे कलम नीट पाहा. पाकिस्तानातून आलेल्या माणसांसाठी त्यात एक तारीख ठोकून बसवली आहे : १९ जुलै १९४८. त्या दिवसापासून पाकिस्तानातून येण्याला परवाना लागू लागला. त्या तारखेच्या आधी जो आला आणि इथेच राहिला, तो नागरिक झाला. त्याला कुणापुढे हात जोडावे लागले नाहीत. त्या तारखेला किंवा नंतर आला त्याला मात्र नेमलेल्या अधिकाऱ्याकडे ठरावीक नमुन्यात अर्ज करावा लागे. अर्जाआधी निदान ६ महिने इथे राहिलेले असावे लागे, आणि ही सगळी नोंद घटना अमलात येण्यापूर्वी, म्हणजे २६ जानेवारी १९५० पूर्वी व्हावी लागे. बोटांवर मोजून पाहा. जुलै १९४९ उलटल्यावर जो बिचारा पोहोचला, त्याला ही वाट उरलीच नाही. तो पुढे १९५५ चा नागरिकत्व कायदा होईपर्यंत लोंबकळत राहिला. कल्याणच्या छावणीत, जिथे पुढे उल्हासनगर वसले, तिथे उतरलेली सिंधी कुटुंबे डोळ्यांसमोर आणा. दोन सख्खे भाऊ. एक जुलै १९४८ च्या आरंभी आला, दुसरा ऑगस्टात. भाषा एक, दुःख एक, छप्पर एक. पण एकाने अर्ज न करता चालते, दुसऱ्याने अर्ज केला नाही तर तो परका. म्हणजे इथे न बोलण्याचा अर्थ 'नाही' असा होता.

आता गोव्याकडे वळू. घटना लिहिली गेली तेव्हा गोवा तिच्या हिशेबात नव्हता. परदेशी राहणाऱ्या भारतीय वंशाच्या माणसांसाठी आठवे कलम आहे. त्यात आई, बाप, आजा, आजी यांपैकी कुणी 'भारतात' जन्मलेले असले तर चालते. पण तो 'भारत' कुठला, तर १९३५ च्या कायद्यात वर्णिलेला. त्या वर्णनात ब्रिटिश मुलूख आणि संस्थाने होती, पोर्तुगीजांचा मुलूख नव्हता. त्यामुळे नैरोबीत कारकुनी करणारा सावंतवाडीचा माणूस आठव्या कलमात बसे, आणि त्याच्या शेजारच्या टेबलावर बसणारा पेडण्याचा माणूस बसत नसे. दोघांच्या गावांमध्ये अंतर ते किती? सकाळी निघालेला माणूस दुपारच्या जेवणाला पोहोचेल एवढे. मुंबईत गिरगावात, धोबीतलावावर कैक वर्षे राहिलेल्या गोवेकरांची गोष्ट थोडी वेगळी. ज्यांचा अधिवास इथला आणि घटनेच्या आधी सलग ५ वर्षे वास्तव्यही इथले, ते पाचव्या कलमाखाली नागरिक ठरू शकत. पण गावी राहिलेला त्यांचा भाऊ पोर्तुगालचा नागरिक, आणि त्याला भेटायला जायचे तर मधे दोन देशांची नाकी.

१९ डिसेंबर १९६१ ला पोर्तुगीज गव्हर्नर-जनरल वासालो इ सिल्वा यांनी शरणागतीवर सही केली. दुसरा दिवस, २० डिसेंबर, हा कायद्यातला महत्त्वाचा दिवस. १९६२ साली घटनेची बारावी दुरुस्ती झाली आणि तिने गोवा, दमण व दीव यांना त्या दिवसापासून भारताच्या हद्दीत घेतले. जमीन आली. माणसांचे काय? त्याची तजवीज १९५५ च्या नागरिकत्व कायद्याच्या सातव्या कलमात आधीच करून ठेवलेली होती. एखादा प्रदेश भारतात सामील झाला, तर त्या प्रदेशाशी संबंध असलेल्या कोणत्या माणसांना नागरिक समजायचे, हे केंद्र सरकारने राजपत्रात आदेश काढून सांगावे, असे ते कलम म्हणते. त्याप्रमाणे २८ मार्च १९६२ रोजी गोवा, दमण व दीव यांच्यासाठी नागरिकत्व आदेश निघाला.

आदेश लांबीला अगदी थोडका आहे. त्याचा आशय साध्या भाषेत असा. जो माणूस स्वतः, किंवा ज्याची आई वा बाप, किंवा ज्याचा कोणताही आजा-आजी २० डिसेंबर १९६१ पूर्वी या प्रदेशात जन्मलेली आहे, तो त्या दिवसापासून भारताचा नागरिक झाला असे समजावे. अर्ज नको, शपथ नको, रांग नको. मात्र ज्याला आपले आधीचेच नागरिकत्व ठेवायचे असेल, त्याने आदेश राजपत्रात छापल्यापासून एका महिन्याच्या आत गोव्याच्या प्रशासकाकडे, किंवा त्याने नेमलेल्या अधिकाऱ्याकडे, तसे लेखी कळवावे.

बघा, पारडे कसे फिरले ते. कल्याणच्या छावणीत जो बोलला नाही तो परका राहिला. गोव्यात जो बोलला नाही तो आपला झाला. मला स्वतःला गोव्याची रीत अधिक माणुसकीची वाटते. काणकोणच्या डोंगरातला कुळवाडी, सत्तरीतला काजूवाला, तेरेखोलचा नावाडी यांना राजपत्र कोण वाचून दाखवणार? त्यांना अर्ज करायला लावले असते तर निम्मे लोक कागदाअभावी आपल्याच अंगणात परके झाले असते. आज्यापर्यंत शिडी लावली हेही शहाणपणाचे झाले. गोव्याचा माणूस पोटासाठी मुंबई, कराची, मोंबासा, लोरेन्सु मार्किश असा सगळीकडे पांगलेला. मूल बाहेर जन्मले तरी आजी गोव्याची असे.

पण त्या एका महिन्याबद्दल मात्र माझ्या मनात शंका आहे. शेजारचे उदाहरण घ्या. पाँडिचेरी, कारिकल, माहे, यानम हे फ्रेंचांचे मुलूख. तिथे १९५४ च्या नोव्हेंबरात कारभार भारताकडे आला, १९५६ साली दोन्ही सरकारांत तह झाला, आणि तो १६ ऑगस्ट १९६२ ला अमलात आला. त्या तहात फ्रेंच नागरिकत्व राखू इच्छिणाऱ्यांना ६ महिन्यांची मुदत होती. घरात बसून बोलणी झाली, बायकोला विचारता आले, पेन्शनचा हिशेब मांडता आला. ज्यांनी फ्रान्स निवडले ते पुढेही तिथेच राहिले आणि त्यांच्या पिढ्या आजही पाँडिचेरीत आहेत. गोव्यात तह नव्हता. सालाझारचे सरकार गोवा गेला हेच मान्य करीत नव्हते. मग तह कुणाशी करायचा आणि मुदत कुणाबरोबर ठरवायची? एका बाजूने निर्णय, एका बाजूची मुदत. २८ मार्चला सुरू झालेला महिना एप्रिलच्या अखेरीला संपला. पानगळ आणि पालवी यांच्यामध्ये जेवढा वेळ जातो तेवढ्यात एका माणसाने आयुष्यभराचे ठरवायचे होते.

काहींनी ठरवले आणि लिहून दिले. त्यांपैकी एकाची हकिगत न्यायालयाच्या दप्तरात आहे. रेव्हरंड मोंतेरो नावाचे गोव्यातले पाद्री. त्यांनी मुदतीत कळवले, की मी पोर्तुगीजच राहतो. कायद्याने त्यांना तो हक्क होता. पण ज्या क्षणी ते लिहून दिले त्या क्षणापासून जन्मगावातच ते विदेशी झाले. विदेशी म्हणून नोंद, राहण्याचा तात्पुरता परवाना, त्या परवान्याला मुदत. ती नोव्हेंबर १९६४ मध्ये संपली. त्यांनी ती वाढवून मागितली नाही. देश सोडण्याचा हुकूम झाला, तो त्यांनी मानला नाही. १९४६ च्या विदेशी व्यक्तींच्या कायद्याखाली खटला झाला. त्या कायद्याच्या जागी २०२५ चा नवा कायदा आला आहे, पण तेव्हा तोच चालू होता. शिक्षा झाली ३० दिवसांची साधी कैद आणि ५० रुपये दंड. प्रकरण चढत चढत सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेले. त्यांच्या बाजूने म्हणणे असे, की गोवा हा लष्कराने व्यापलेला मुलूख आहे, आणि जिनिव्हाच्या करारांप्रमाणे व्यापलेल्या मुलखातल्या रहिवाशाला हुसकून लावता येत नाही. मार्च १९६९ मध्ये सरन्यायाधीश हिदायतुल्ला यांच्या निकालाने अपील फेटाळले गेले. लष्करी ताबा ही तात्पुरती गोष्ट असते. मुलूख पुरता जिंकून देशात सामील करून घेतल्यावर ताबा संपला आणि त्याबरोबर त्या कराराचे संरक्षणही संपले, असा त्याचा सारांश.

निकाल बरोबर की चूक, यावर वकील मंडळींनी बोलावे. मला त्यात एवढेच दिसते, की हा माणूस वेळेवर बोलला, नियमाप्रमाणे बोलला. त्या बोलण्याची किंमत काय, ते आदेशाच्या चार ओळींत कुठे लिहिलेले नव्हते.

आता गोष्टीची दुसरी बाजू. भारताने आपल्या वहीत नावे लिहिली, पण पोर्तुगालने आपल्या वहीतून ती खोडली नाहीत. एप्रिल १९७४ मध्ये लिस्बनला क्रांती झाली, जुनी राजवट गेली, आणि ३१ डिसेंबर १९७४ रोजी नवी दिल्लीत दोन्ही देशांत तह झाला. तिकडून सही मारियु सुआरिश यांची, इकडून आपल्या यशवंतराव चव्हाणांची. ते तेव्हा परराष्ट्रमंत्री होते. पोर्तुगालने गोव्यावरची भारताची सत्ता मान्य केली. जमिनीचा वाद मिटला. परंतु २० डिसेंबर १९६१ पूर्वी गोव्यात जन्मलेला माणूस जन्माने पोर्तुगीज, हे तिकडच्या कायद्याचे धोरण पुढेही चालू राहिले. त्याने लिस्बनच्या मध्यवर्ती नोंदणी कचेरीत आपला जन्म नोंदवून घेतला की तो पोर्तुगीज, आणि त्याच्यामागून मुले-नातवंडेही तो दावा सांगू शकतात.

बरीच वर्षे याची कुणाला फारशी आठवण नव्हती. १९८६ साली पोर्तुगाल युरोपच्या सामायिक बाजारात गेला आणि त्या जुन्या जन्मदाखल्याला एकाएकी मोल आले. पोर्तुगीज पासपोर्ट हाती पडला की इंग्लंडात, फ्रान्सात कुठेही काम करता येई. इंग्लंडातल्या स्विंडन गावात गोवेकरांची वस्ती वाढली ती या वाटेने. इंग्लंड युरोपातून बाहेर पडल्यावर, २०२० च्या अखेरीपासून, ती वाट नव्याने जाणाऱ्यांना अरुंद झाली. उरलेला युरोप खुला आहेच.

या नोंदणीचे काम कसे चालते ते ऐकण्यासारखे आहे. प्रथम आजोबांच्या किंवा वडिलांच्या पोर्तुगीज अमदानीतल्या जन्मनोंदीची पूर्ण नक्कल काढायची. ती आधी लिस्बनला चढवायची. मग त्यांचे लग्न चढवायचे. मग मुलाचा जन्म. पायरी चुकली की कागद परत. त्यात नावांचा घोळ. जुन्या दप्तरात नाईक हे आडनाव पोर्तुगीज धाटणीने शेवटी क्यू, यू, ई लावून लिहिलेले, आणि मुलाच्या शाळेच्या दाखल्यावर साधा के. शेणॉयांचे सिनाय झालेले, प्रभूंचे पोरोब. एकाच माणसाची तीन कागदांवर तीन नावे, आणि तो माणूस तोच आहे हे शपथेवर सिद्ध करायचे. शिक्षक बंधुभगिनींना यात एक गोष्ट जवळची वाटेल. पहिलीत मुलाचे नाव घालताना आपण जनरल रजिस्टरात जे लिहितो, जन्मतारीख, जन्मगाव, आईचे नाव, ते असे पन्नास वर्षांनी कुणाच्या तरी हातात भिंग घेऊन वाचले जाते.

इथपर्यंत ठीक. पण आपल्या नागरिकत्व कायद्याचे नववे कलम उंबऱ्यावर उभे आहे. भारताच्या नागरिकाने आपण होऊन दुसऱ्या देशाचे नागरिकत्व घेतले, की भारताचे नागरिकत्व गेले. काढून घ्यावे लागत नाही, आपोआप जाते. आणि नियमांत असे आहे, की दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घेतला तर तो आपण होऊन नागरिकत्व घेतल्याचा निर्णायक पुरावा. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने तो नियम उचलून धरला. पासपोर्ट घेतलेल्याचे प्रकरण म्हणून सोपे आहे. वाद होतो तो नुसता जन्म नोंदवून थांबलेल्याचा. तो म्हणतो, मी काही घेतले नाही, आजापासून होते ते फक्त वहीत चढवले. समोरचा म्हणतो, सही तुझीच ना? अशा प्रश्नाचा निर्णय करण्याचे काम कायद्याने केंद्र सरकारकडे दिले आहे. कागद दिल्लीला जातात.

नागरिकत्व गेले तर काय जाते? मतदारयादीतले नाव जाते, पंचायतीला उभे राहणे जाते. विदेशी झालेल्या गोवेकराला प्रवासी भारतीय नागरिक म्हणतात ते कार्ड मिळू शकते. त्यावर आयुष्यभर येता-जाता येते, घर घेता येते. पण नावात नागरिक असले तरी ते नागरिकत्व नव्हे. मत नाही, आणि शेतजमीन विकत घेता येत नाही. वारसाने आलेली ठेवता येते.

माझा एक जुना विद्यार्थी सीमेपलीकडे पेडणे तालुक्यात राहतो. आजोळ इकडचे, म्हणून चौथीपर्यंत आमच्या शाळेत होता. बावीस-तेविसाव्या वर्षी त्याने एका एजंटाकडे पैसे भरले, दाखले दिले, चार सह्या केल्या. लिस्बनला त्याचा जन्म नोंदला गेला. तेवढ्यात वडील आजारी पडले, जाणे राहिले. पासपोर्ट त्याने मागितलाच नाही. काजूची बाग, थोडी भातशेती, त्यातच तो रमला. पुढे गावकीच्या आग्रहाने पंचायतीला उभा राहायला निघाला, तेव्हा विरोधकाने ती नोंद कुठून तरी काढून पुढे ठेवली. मला विचारायला आला. "गुरुजी, मी तर गेलोच नाही. मग मी कुठला?"

मी त्याला वकिलाकडे धाडले. वकिलाने दोन वाटा सांगितल्या. एक, नुसत्या नोंदीने नागरिकत्व गेलेच नाही असे म्हणून दिल्लीच्या निर्णयाची वाट पाहणे. दुसरी, पोर्तुगीज नागरिकत्व रीतसर सोडून देणे आणि पूर्वी भारताचा नागरिक होतो या नात्याने नव्याने नोंदणीचा अर्ज करणे. त्यासाठी अर्जाआधी लागोपाठ बारा महिने भारतात राहिल्याचे दाखवावे लागते, अर्ज जिल्हाधिकाऱ्यामार्फत वर जातो. बारा महिने राहिल्याचा पुरावा मागतात म्हटल्यावर तो हसला. जन्मल्यापासून तो तेरेखोल नदीच्या पलीकडे फारसा गेलेला नव्हता, आणि गेला तो आमच्या शाळेत.

त्याने पहिली वाट धरली आहे. जोडण्यासाठी शाळेत नाव घातल्याचा उतारा हवा होता. मुख्याध्यापकांनी जुने रजिस्टर काढून दिले. पान पिवळे पडले आहे, पण अक्षर स्पष्ट आहे. जन्मगावाच्या रकान्यात मीच लिहिलेले आहे : पेडणे, गोवा.